ठोकळ्यावरची गाडी

गेल्या काही वर्षांत आमच्याकडच्या पिकअप गाड्या उंच होत चालल्या आहेत. मालवणच्या बंदरावर मासळी उचलायला येणारी घ्या, देवगडच्या सड्यावर आंबा काढणीच्या दिवसांत फिरणारी घ्या, नाहीतर चिरेखाणीवरून जांभा दगड आणणारी घ्या. सगळ्या नव्हेत, पण बऱ्याच. कंपनीतून बाहेर पडताना जेवढी होती त्याहून चार बोटे, एखादी तर चांगली वीतभर वर. नवे मॉडेल वगैरे काही नाही. वाकून पाहिले की हौदा आणि चॅसी यांच्यामध्ये लाकडाचे ठोकळे दिसतात, किंवा मागच्या पाट्यांच्या जुडग्यात दोन पाटे जास्तीचे दिसतात. कधी दोन्ही.

मराठी घेऊन बी. ए. झालेल्या आणि जन्मभर पोरांना समास आणि अलंकार शिकवलेल्या माणसाने चॅसीबद्दल लिहावे, हे काही जणांना विनोदी वाटेल (आमच्या मेहुण्यांना तर नक्कीच). पण या गाड्या उंच करणारे निम्मे मिस्त्री आणि चालवणारे निम्मे ड्रायव्हर माझ्या वर्गातून गेलेले आहेत. आणि आता हा विषय आमच्या घरात आला आहे. बागेच्या कामाला पुतण्याने घेतलेली पिकअप त्याला यंदा 'उचलून' घ्यायची आहे. मे महिन्यात त्या गाडीच्या हौद्यात पेट्या असतात आणि पेट्यांवर काढणीला आलेली आठ-दहा माणसे बसलेली असतात. त्यामुळे दोन-तीन महिने मी याच विषयावर गॅरेजवाल्यांशी, ड्रायव्हरांशी आणि फोनवरून परदेशातल्या भाच्याशी बोलतो आहे. त्यातून माझे जे मत झाले ते लिहितो. पटले नाही तर खाली लिहा, नातेवाईकांनी फोन केला तरी चालेल.

आधी गाडी का उचलतात ते समजून घ्यायला हवे, कारण हौसेने उचलणारे आमच्याकडे थोडे. पिकअपवर कागदोपत्री माल जायचा सव्वा ते पावणेदोन टन. एक चिरा तीस-चाळीस किलोच्या घरात असतो. शंभर चिरे भरले की साडेतीन टन झाले. गाडी मागून बसते, पाटे सपाट होतात आणि चाकाचा टायर हौद्याच्या तळाला घासू लागतो. मासळीच्या गाडीचे तेच. क्रेट, त्यांत बर्फ, आणि बर्फाचे वजन कोणी मोजत नाही. त्यात आमचे रस्ते. डांबरी सोडून बागेकडे वळलात की कातळ, मग घाटी, मग व्हाळ. पावसात व्हाळावरच्या कॉजवेवरून पाणी जात असते. अशा ठिकाणी गाडी थोडी उंच हवी असे वाटणारच. ज्याला रोज त्या वाटेने जायचे आहे त्याला मी कशाला हसू?

आता उंच करण्याचे प्रकार पाहा. लोक सगळ्याला एकच शब्द वापरतात, 'गाडी उचलली'. पण ते तीन वेगळे प्रकार आहेत आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

पहिला प्रकार, चॅसीवरून बॉडी वर उचलणे. मूळच्या बैठकीच्या जागी ठोकळे घालायचे आणि लांब बोल्टने आवळायचे. दुसरा, पाटे वाढवणे किंवा पाटे आणि आख यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालणे. यात चॅसीसकट सगळेच वर जाते. तिसरा, मोठे टायर. आता गंमत अशी की पहिल्या प्रकाराने गाडीचे पोट जमिनीपासून एक सूतही वर जात नाही. आख तिथेच, आखाच्या मधला तो डिफरन्शियलचा गोळा तिथेच, चॅसी तिथेच. वर जातो तो फक्त हौदा. कातळाला घासणारा भाग पूर्वी जेवढा खाली होता तेवढाच खाली राहतो! त्याने टायरला वर जागा मिळते, एवढाच फायदा. ज्यांनी बैलगाडी जवळून पाहिली आहे त्यांना हे पटकन कळेल. गाडीचा कणा किती वर राहणार हे चाक ठरवते. वर साटा कितीही उंच बांधा, वाटेतला धोंडा कण्यालाच लागणार. म्हणून तर आपल्या सुतारांनी चाकच मोठे ठेवले.

म्हणजे 'व्हाळातून जाण्यासाठी' म्हणून जो ठोकळे घालून घेतो, त्याने पैसे भलत्याच कामाला दिलेले असतात. हे मी एका मिस्त्रीला म्हटले (नाव लिहीत नाही, तो हे वाचतो). तो म्हणाला, "सर, तुमी पुस्तकातला सांगतास. रस्तो पुस्तकातलो नाय मां. मागसून गाडी बसता, टायर घासता. गिऱ्हाईक माज्याकडे येता, कंपनीकडे जायत नाय."

त्याचे म्हणणे खोटे नाही. गिऱ्हाईक त्याच्याकडेच येते. कंपनीचे वर्कशॉप लांब, तिथे गेले तर 'लोड कमी भरा' एवढाच सल्ला मिळतो. आणि मिस्त्री संध्याकाळपर्यंत गाडी हातात देतो.

अमेरिकेतल्या भाच्याला मी हे सांगितले तर तो हसायला लागला. म्हणाला, मामा, इकडे तेच चालते, फक्त लाकडाऐवजी हॉकीची चकती. बर्फावर खेळतात त्या हॉकीत चेंडू नसतो, कडक रबराची काळी चकती असते, एक इंच जाड आणि तीन इंच रुंद. तिकडच्या पिकअपवाल्यांनी त्या चकत्यांना मधोमध भोक पाडून, एकावर एक ठेवून बॉडी उचलायची युक्ती काढली. स्वस्त आणि कुठेही मिळणारी वस्तू. आपण मात्र 'जुगाड' हा शब्द फक्त आपलाच असल्यासारखे मिरवतो. गरज आणि रिकामा रविवार मिळाला की माणूस कुठेही असेच वागतो.

पण तिकडे दुसरी गोष्टही मिळते, आणि मला शिकायला मिळाले ते तिथे. खास याच कामासाठी बनवलेले किट. भाच्याने मला एका किटसोबत येणारी सूचनापत्रिका वाचून दाखवली. ठोकळे त्यात असतातच, पॉलियुरेथेनचे किंवा तशाच कडक प्लास्टिकचे, आणि एका इंचापासून तीन इंचांपर्यंत. पण पुढची यादी ऐकण्यासारखी होती. नव्या लांबीचे, ठरावीक ताकदीचे बोल्ट. स्टिअरिंगचा दांडा केबिन वर गेल्यामुळे अपुरा पडतो, त्याला जोड. रेडिएटर बॉडीबरोबर वर जातो आणि पंखा इंजिनाबरोबर खाली राहतो, म्हणून रेडिएटर खाली आणायच्या पट्ट्या. डिझेल भरायच्या तोंडाची लांब नळी. बंपर वर घ्यायच्या पट्ट्या. गिअरच्या दांड्याचे काय करायचे, अर्थिंगची वायर ताणली जाते का, ब्रेकच्या नळ्या ओढल्या जातात का, कोणता बोल्ट किती जोर लावून आवळायचा आणि किती अंतर चालवल्यावर पुन्हा आवळायचा. या यादीतली प्रत्येक ओळ म्हणजे कोणाच्या तरी गाडीत काहीतरी तुटलेले असणार. ठोकळा काय, कोणीही कापून देईल. पैसे त्या यादीचे आहेत.

आमच्याकडे बहुतेक वेळा केबिनला हात लावत नाहीत, नुसता मागचा हौदा उचलतात. त्यामुळे स्टिअरिंग आणि रेडिएटरची भानगड वाचते. मिस्त्री तेच सांगतो, "सर, पुढच्याक हातच लावचो नाय." बरोबर. मग राहिले ठोकळे आणि बोल्ट. तर त्यांच्याविषयी.

लाकूड वाईट असे माझे म्हणणे नाही. ट्रकची बॉडी बांधणारे चांगले कारागीर चॅसी आणि बॉडी यांच्यामध्ये लाकडाची लांब पट्टी बसवत आले आहेत. ती धक्के खाते, लोखंडावर लोखंड घासू देत नाही. पण ती पट्टी चॅसीच्या लांबीभर असते. भार सगळीकडे सारखा वाटला जातो. ठोकळ्याचे तसे नाही, सहा-आठ ठिकाणी सगळा भार येतो. शिवाय लाकूड कोणते? मालवणात होडी बांधणाऱ्या सुताराला विचारा, उंडी कुठे, फणस कुठे, ऐन कुठे हे तो तुम्हाला झोपेतही सांगेल. गॅरेजमध्ये मात्र जे पडलेले असेल ते. मी पाहिलेल्या एका गाडीखाली चक्क आंब्याच्या लाकडाचे ठोकळे होते! आंब्याच्या लाकडाची पेटी एक हंगाम टिकली तरी चालते. गाडीखाली मासळीचे खारे पाणी गळत असते, वर आमचा चार महिन्यांचा पाऊस. लाकूड फुगते, मग उन्हाळ्यात आक्रसते, दाबाखाली चेपते. ठोकळा दोन सूत चेपला की बोल्ट दोन सूत ढिला. मग हौदा वाजायला लागतो. मग कोणीतरी पाना घेऊन आवळतो, किंवा रेडिओचा आवाज वाढवतो.

आणि बोल्ट. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला असतो, तो त्याची ताकद सांगतो. लांब बोल्ट हाताशी नसला की काही ठिकाणी साध्या सळीला आटे पाडून दोन्हीकडे नट लावतात. दिसायला सारखेच. पण बॉडी चॅसीला चिकटून असते तेव्हा बोल्टवर फक्त आवळण्याचा ताण असतो. पुढे-मागे सरकण्याचा जोर त्या दोन पृष्ठभागांच्या घर्षणावर जातो. मध्ये चार इंचांचा ठोकळा आला की ब्रेक लावताना दीड-दोन टनांचा हौदा पुढे जाऊ पाहतो आणि बोल्टला वाकवतो. मध्येच हात घालून फांदी मोडावी तसा. हे रोज, प्रत्येक ब्रेकला. बोल्ट एका दिवसात तुटत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी कोल्हापूरहून भाजी भरून घाट उतरत होता. समोर एस. टी. आली, त्याने जोरात ब्रेक मारला. ब्रेक लागला, गाडी थांबली. हौदा थांबला नाही. पुढचे दोन बोल्ट तुटले, हौदा पुढे सरकून केबिनच्या पाठीवर आदळला. "सर, ब्रेक मारलंय आणि माल माज्या अंगार इलो," असे त्याने मला इस्पितळात सांगितले. पाठीच्या मणक्याला मार होता. आता तो उभा राहतो, चालतो, पण गाडी चालवत नाही. बाजारात छोटेसे दुकान टाकले आहे. गाडी ज्याने उचलली होती तो मिस्त्रीही माझाच विद्यार्थी, एकाच बाकावर बसणारे दोघे. तो दुसऱ्या दिवशी इस्पितळात येऊन बाहेर बसून राहिला होता, आत गेला नाही. दोघांचे बोलणे अजून सुरू झालेले नाही. मला यात कोणी दुष्ट दिसत नाही, आणि म्हणूनच हा विषय डोक्यातून जात नाही.

लोक म्हणतात, गाडी उंच केली की कलंडते. मी बसून गणित मांडले (सहावीच्या पुढचे नाही). समजा दोन चाकांमधले अंतर १४० सेंटिमीटर आहे आणि भरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १२० सेंटिमीटरवर आहे. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ही गाडी कागदावर ताशी ४७ किलोमीटरच्या आसपास उलटेल. गुरुत्वमध्य १० सेंटिमीटर वर नेला तर ताशी ४५ च्या आसपास. फरक दोनच किलोमीटरचा! आणि भरलेली गाडी घेऊन तसल्या वळणावर ४५ ने कोण जातो? म्हणजे 'चार बोटांनी काय होतंय' हे मिस्त्रीचे म्हणणे गणितात तरी टिकते. खऱ्या रस्त्यावर बाहेरच्या बाजूचे पाटे दबतात, टायर फुगतो, रस्ता उलट्या बाजूला उतरता असतो, त्यामुळे गाडी कागदापेक्षा आधी उलटते हे खरे. तरी उंचीचा दोष लोक समजतात त्याहून लहान आहे.

मोठा दोष वेगळाच आहे. टायर घासायचा, तो आवाज गाडी ड्रायव्हरशी बोलत असल्याचा होता. बस झाले, आणखी भरू नकोस. गाडी उचलली की तो आवाज बंद होतो. मग चिरे ऐंशीचे शंभर होतात, पेट्यांचा आणखी एक थर चढतो. आता गुरुत्वमध्य त्या दहा सेंटिमीटरांहूनही वर जातो. ब्रेक मात्र तेच, आख तोच, टायर तेच. ताप उतरायची गोळी घेऊन शेतावर जाण्यासारखे आहे हे.

पाटे वाढवण्यात तर आणखी एक मेख आहे, आणि ती ड्रायव्हरांनाही ठाऊक नसते. बऱ्याच पिकअपना मागच्या आखापाशी एक लहानसा व्हॉल्व्ह असतो, त्याची दांडी आखाला जोडलेली असते. माल भरला, चॅसी खाली बसली की दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब जातो. गाडी रिकामी असली की दाब कमी, म्हणजे मागची चाके जाम होऊन घसरत नाहीत. मोठी हुशारीची रचना आहे. आता जास्तीचे पाटे घातले की माल भरूनही चॅसी बसत नाही. व्हॉल्व्हला वाटते, गाडी रिकामीच आहे! तीन टन माल असताना मागच्या ब्रेकला रिकाम्या गाडीचा दाब. कंपनीने पाटे वाढवले असते तर ही दांडीही तिथल्या माणसाने बदलली असती. मिस्त्रीच्या लेखी ती दांडी म्हणजे 'काहीतरी कंपनीचा'.

मग खास बनवलेले ते सगळे चांगले का? तसेही नाही. तारकर्लीला पर्यटक ज्या उंच गाड्या घेऊन येतात त्यांची किट ऑनलाइन मागवलेली असतात. ती कशासाठी बनवलेली असतात? मोठे टायर बसावेत, गाडी रुबाबदार दिसावी, सुटीच्या दिवशी चिखलात खेळता यावे यासाठी. गाडीत दोन माणसे आणि एक तंबू. आमच्या गाडीत दीड टन पापलेट-बांगडा, तोही रात्रीत मडगाव नाहीतर कोल्हापूर गाठायच्या घाईत. त्यांच्या हेतूसाठी बनवलेली वस्तू आमच्या हेतूसाठी बनवलेली ठरत नाही, मग किंमत कितीही असो. शिवाय खोक्यावर एका मॉडेलचे नाव आणि आत दुसऱ्याच मापाचे बोल्ट, असेही ऐकायला मिळते.

कायद्याच्या दृष्टीने दोन्ही एकाच टोपलीत आहेत. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की नोंदणीत जे लिहिले आहे त्यापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात तेच पक्के केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आणली. म्हणजे आंब्याच्या लाकडाचा ठोकळा आणि परदेशी पॉलियुरेथेनचा ठोकळा, दोघांनाही शिक्षा सारखीच. मला इथे सरकारशी भांडावेसे वाटते. कारण त्याच कलमात गाडीचे इंधन बदलायला वाट ठेवलेली आहे. मान्यता मिळालेले सी. एन. जी. किट बसवता येते, नोंदणी पुस्तकात तशी नोंद होते, सगळे उघड्यावर. पुण्यात टेकडीवर अराई बसली आहे, १९६६ पासून गाड्या तपासते आहे. कोकणातल्या पिकअपसाठी अमुक उंचीपर्यंत, अमुक बोल्टने, अमुक व्हॉल्व्ह लावून असे एखादे किट तपासून मान्य करणे तिला काही अवघड नाही. तशी वाट नाही म्हणून सगळे अंधारात चालते, आणि अंधारात चालते म्हणून कोणी त्याची यादी करत नाही.

मधली वाट असते याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे, आणि तुम्ही सगळे त्यात बसलेले आहात. एस. टी. ! १ जून १९४८ ला पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला पहिली गाडी गेली. पुढे महामंडळाने कंपनीकडून नुसती चॅसी घेऊन बॉडी आपल्या कार्यशाळांमध्ये बांधायला सुरुवात केली. पुण्याजवळ दापोडी, तिकडे चिकलठाणा, नागपूरला हिंगणा. ती बॉडी कंपनीची नव्हती आणि नाक्यावरच्या मिस्त्रीचीही नव्हती. आपल्या रस्त्यांसाठी, आपल्या गर्दीसाठी, बोचकी आणि कोंबड्यांसकट चढणाऱ्या माणसांसाठी बांधलेली. सुखाची होती असे कोणी म्हणणार नाही. पायरी तर इतकी उंच की आमच्या आईला वर ओढून घ्यावे लागे. पण एका गाडीत एखादी पट्टी तुटली की ती कुठे तुटली हे कार्यशाळेत कळायचे, आणि पुढच्या गाड्यांत ती जाड करता यायची. ते हजारो गाड्यांचे शहाणपण कुठेतरी नकाशावर उतरत होते. अलीकडे महामंडळ तयार गाड्याही घेते, तो वेगळा विषय.

खास बनवलेल्या वस्तूची सक्ती अचानक झाली तर काय होते तेही आपण पाहिले आहे. २०१८ साली गोव्यात मासळीत फॉर्मेलिन घालतात अशी ओरड झाली. मग बाहेरून येणाऱ्या मासळीसाठी गोवा सरकारने नोंदणी आणि आतून थंडी धरून ठेवणाऱ्या बंदिस्त गाड्या सक्तीच्या केल्या. आमच्या जिल्ह्यातले लहान व्यापारी ताडपत्री आणि बर्फावर धंदा करणारे. मालवण ते मडगाव अंतर ते केवढे, त्यात बर्फसुद्धा पुरता वितळत नाही. तरी त्यांच्या गाड्या हद्दीवरून परत आल्या. नियम चुकीचा होता असे नाही, लोकांनी खायची वस्तू आहे. पण तसली पेटी बसवायला लागणारे पैसे कुठून आणायचे, याचा विचार नियम करणाऱ्याने केलेला नव्हता. ज्यांनी कशाबशा पेट्या बसवल्या त्यांच्यापैकी काहींच्या गाड्या त्या पेटीच्या वजनाने मागून बसल्या, आणि त्या कुठे गेल्या हे सांगायला नको. ठोकळे घालून घ्यायला!

म्हणून माझे मत असे. मिस्त्रीला गाडीखाली पाहायला येणारा रस्ता आणि माल कंपनीच्या इंजिनिअरला दिसत नाही, आणि कंपनीच्या माणसाजवळ असलेली यादी मिस्त्रीजवळ नाही. मला निवडच करायची झाली तर मी यादीच्या बाजूने उभा राहीन, कारण यादी नसल्याची किंमत मिस्त्री देत नाही, वर बसलेली माणसे देतात. मान्य किट येईपर्यंत हौद्याखाली ठोकळा नको. गाडी बसत असेल तर आधी पाटे तपासावेत. बऱ्याचदा एखादा पाटा तडकलेला असतो, मधला बोल्ट गेलेला असतो, आणि लोक त्याला 'गाडीची उंची कमी' म्हणतात. त्याच मापाचे नवे जुडगे घातले की गाडी आपल्या जागी येते. त्याहून जास्त माल न्यायचाच असेल तर मोठी गाडी घ्यावी किंवा भाड्याने आणावी. महाग पडते, ठाऊक आहे.

पुतण्याला हे सगळे सांगून झाले. त्याच्या गाडीचे पाटे काढून पाहिले तर उजवीकडचा तिसरा तडकलेला निघाला, तो बदलला. माणसे पेट्यांवर बसवायची नाहीत, त्यांना रिक्षाने न्यायचे, हे वहिनीनेच ठरवून टाकले, त्यावर घरात कोणी बोलले नाही. पेट्यांसाठी दोन खेपा करायच्या हे मात्र त्याला पटलेले नाही. त्याचे म्हणणे, दुसरी खेप येईपर्यंत वाशीला जाणारा ट्रक निघून जातो आणि त्या दिवशीचा आंबा पडून राहतो. ट्रकवाला थांबत नाही हे खरेच आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही, तो ट्रक अर्धा तास उशिरा निघेल का हे विचारायला मी आणि तो उद्या कणकवलीला जाणार आहोत.

मिस्त्रीला मी शंभर पानी वही नेऊन दिली. कोणती गाडी, काय केले, कोणता बोल्ट, पुन्हा कधी आवळला, एवढे लिहायचे. पहिल्या पानावर त्याने तारीख घातली आहे, आणि नेहमीप्रमाणे समास सोडलेला नाही.